यंत्रसंगीतातला गळा

निव्वळ वाद्यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याने गाणारा आवाज घेतला की पहिला आक्षेप ठरलेला : शब्द आले आणि सूर बांधले गेले. सिंथेसायझर ऐकताना श्रोता आपला अर्थ आपणच लावतो; गायक तो तयार करून हातात ठेवतो. दुसरा आक्षेप बाजाराचा. गाण्यावाचून खपत नाही, म्हणून गळा घेतला.

पहिल्या आक्षेपात आवाज म्हणजे शब्दच, असे धरून चालले आहे. चूक तिथेच आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागड डोंगराभोवतीच्या माडिया गोंडांच्या गावांत रेला नाचतात तेव्हा हातात हात गुंफलेली रांग फिरत असते. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात आणि मधेमधे ‘रेला’ हे पालुपद येत राहते. गोंडीत बहाव्याच्या झाडालाही रेला म्हणतात. पण नाच रंगला की त्या शब्दाचा अर्थ कोण विचारतो? पाऊल त्याच्यावर पडते, एवढे पुरे. गळा तिथे ताल धरणारे वाद्य असतो. ख्यालियाचा तराणा आणि तबलजीची पढंत याच कुळातली.

बाजाराच्या आक्षेपाला जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक बँडचे उत्तर आहे. त्यांचे आधीचे तीन आल्बम जवळपास निःशब्द होते. 1974 च्या ‘ऑटोबान’मध्ये ते गायले, तेही मोजके शब्द, सपाट आवाजात, बावीस मिनिटांहून लांब रचनेत. तबकडीची एक अख्खी बाजू तिने व्यापली. रेडिओसाठी तिचा तीनेक मिनिटांचा तुकडा नंतर कापला गेला. बाजाराने कात्री आणली. गळा आधीच होता. आणि गळा आला की वाद्य मागे पडते, असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे तबलावादक कर्श काळे 2006 च्या ‘ब्रोकन इंग्लिश’मध्ये इंग्रजी गाण्यांकडे वळले, म्हणून त्यांचा तबला काही मुका झाला नाही.

गळा वरून चिकटवल्यासारखा वाटतो, ही तक्रार मात्र पुष्कळदा खरी असते. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः हजार ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि सिंथची मुख्य धूनही बहुधा तिथेच ठाण मांडून असते. आवाजाचा फेडर वर सरकवून हे भांडण मिटत नाही. धून सप्तकभर खाली न्यावी लागते, काही मात्रा कोऱ्या सोडाव्या लागतात. तयार ट्रॅकवर गायक बसवला की तो एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा ऐकू येतो.

लग्नसराईत डीजेच्या पेट्यांवर वाजणाऱ्या रेला रिमिक्समध्ये हेच होते. नाचणाऱ्यांबरोबर रेलाची लय चढते. मशीनचा ठेका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतो आणि पालुपद त्यात कोंबले जाते. रेला घ्यायचाच तर गाणाऱ्यांना आधी त्यांच्या लयीत गाऊ द्यावे, मशीनचा ठेका त्यांच्यामागून लावावा आणि आल्बमवर त्यांचे व गावाचे नाव घालावे.