यंत्राला आधी परभणीची बोली ऐकवा



मुलांच्या वाचादोषाचे निदान आता मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्ताच करील, वाचातज्ज्ञाची वाट पाहायला नको, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. त्यांची तळमळ खरी आहे. जिंतूर-पालमच्या खेड्यातून तज्ज्ञ गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

यंत्र ज्या आवाजांवर शिकते तेच प्रमाण धरते. आमच्याकडे पहिलीतले पोर ‘पानी’ म्हणते, ‘करूलालो’ म्हणते; त्याची आजीही तसेच बोलते. तो दोष नव्हे. तांड्यावरच्या लेकराची तर घरची भाषाच गोरमाटी. मात्र पाच वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर तपासणी हवीच, आणि तीही आधी कानांची. हा फरक यंत्राला कळेल का? अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्यांचे बोलणे उतरवताना शंभरात सुमारे 19 शब्द चुकले, कृष्णवर्णीयांचे उतरवताना 35. तिथे ही गत, तर मराठवाडी बोलणाऱ्या लेकरांचे काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या-शाळांत मुले तपासतात. भाषाविकासातील विलंबही त्यांच्या यादीत आहे. त्यांनी मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, यंत्राने चाळणी लावावी, निदान तज्ज्ञानेच करावे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्थेने पालकांच्या संमतीने आमच्या गावांतले आवाजही गोळा करावेत. तोवर पालकांनी मोबाइलचा निकाल अंतिम मानू नये, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, जिंतूर (जि. परभणी)