विश्लेषण : शाळेच्या ताटातले अंडे आणि नाचणी सत्त्व लोकवर्गणीवर का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणात अंडे असावे, नाचणीचे सत्त्व असावे, हे राज्य सरकारनेच ठरवले होते. पुढे सरकारनेच त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि हे पदार्थ ‘ऐच्छिक’ केले. ज्या शाळांना ते द्यायचे असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावेत, असे सांगण्यात आले. नाचणी जिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकते त्या रत्नागिरीत या निर्णयाचा अर्थ काय होतो?

निर्णय नेमका काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याचा पर्याय होता. जून २०२४ मध्ये जेवणाचा आराखडा बदलला. भाताच्या पदार्थासोबत मोड आलेली कडधान्ये आणि तांदळाची खीर किंवा नाचणी सत्त्व असे गोड पदार्थ त्यात आले. हा आराखडा राबवणे अवघड जाते, अशा तक्रारी शाळांकडून आल्या. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये सुधारित पाककृती जाहीर झाल्या. त्यात अंडा पुलाव, खीर आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक झाले. अंडी आणि साखरेसाठी सरकारी निधी मिळणार नाही, हेही स्पष्ट झाले. यातून अंड्यांसाठीची सुमारे ५० कोटी रुपयांची तरतूद थांबली.

एका मुलामागे खर्च किती?

प्रधानमंत्री पोषण योजनेत तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य मिळते. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधनासाठी प्रति विद्यार्थी रक्कम ठरलेली असते. १ मे २०२५ पासून ती प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे, तर उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे झाली. तिचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. या पैशांत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. उच्च प्राथमिकसाठी तो ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचा आहे.

रत्नागिरीत हा हिशेब का बिघडतो?

डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि मुंबई-पुण्याकडे गेलेली कुटुंबे यामुळे जिल्ह्यात कमी पटाच्या शाळा खूप आहेत. पहिली ते चौथीचा पट आठ असेल तर दिवसाला मिळतात ५४ रुपये २४ पैसे. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि गॅस हे सारे त्यातच. पट २०० असेल तर हीच रक्कम १,३५६ रुपये होते. मात्र आठ मुलांचा भात शिजवायला लागणारा गॅस २०० मुलांच्या गॅसच्या पंचविसाव्या भागाइतका नसतो. भाजीही ठोक भावाने मिळत नाही. ऐन पावसात बाजारातून वाडीपर्यंत ती आणण्याचा खर्च तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. मुलामागे पैसे देण्याची पद्धत मोठ्या शाळेला परवडते, छोट्या शाळेला नाही.

हे जेवण शिजवणाऱ्या ताईंना राज्यात महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळते. त्यात केंद्राच्या निकषातली रक्कम २००९ पासून एक हजारावरच आहे आणि तीही वर्षातून दहाच महिन्यांसाठी.

अंडे आणि नाचणीच का?

सध्याच्या ताटाचा कणा भात आहे. पोट भरण्यासाठी तो पुरतो, वाढीसाठी नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने असतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलासाठी ठरलेल्या प्रथिनांच्या निम्मी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. किनाऱ्यावरच्या घरांत मासळी हा प्रथिनांचा मोठा आधार. पण शाळा जूनमध्ये सुरू होतात तेव्हा मासेमारी बंदीचा काळ असतो. घरातली मासळी कमी होते आणि मच्छीमार कुटुंबाची कमाईही. शाळेतल्या अंड्याची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.

राज्याचे चित्रही समाधानकारक नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयातील रक्तक्षय असलेल्या मुलांचे प्रमाण चौथ्या पाहणीत ५३.८ टक्के होते, ते पाचवीत ६८.९ टक्के झाले. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात बसतात.

लोकसहभागात वावगे काय?

कोकणातल्या गावांना वर्गणी नवी नाही. मुंबई मंडळाने शाळेला पत्रे, बाके, संगणक दिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. २० मुलांना आठवड्याला एक अंडे, सात रुपये दर आणि शाळेचे ४० आठवडे धरले तर वर्षाचा खर्च येतो ५,६०० रुपये. एखादे सधन गाव तो सहज उचलेल. पण कातकरी वाडीवरच्या किंवा धनगरवाड्यावरच्या शाळेने वर्गणी मागायची कुणाकडे? जिथे गरज जास्त, तिथेच देणारे हात कमी. शिवाय बाके एकदाच द्यायची असतात, अंडे दर आठवड्याला. दोन शाळांतल्या मुलांचे ताट गावाच्या ऐपतीवर ठरू लागले, तर ती योजना हक्काची राहत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क मानले आहे.

इतर राज्यांना कसे जमते?

तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते. २०२२ पासून तिथे प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. कर्नाटकात आठवड्यातून सहा दिवस अंडे दिले जाते. त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन करते, मात्र तो करार सरकारने संपूर्ण राज्यासाठी केला आहे. देणगीदार शोधण्याचे काम मुख्याध्यापकांवर टाकलेले नाही. महाराष्ट्राची एकूण अर्थव्यवस्था या राज्यांपेक्षा लहान नाही. प्रश्न प्राधान्यक्रमाचा आहे.

अंगणवाडीत काय स्थिती?

तिथे तर दर आणखी मागे आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला आठ रुपये हा निकष २०१७ मध्ये ठरला. तो योग्य प्रमाणात वाढवू, असे आश्वासन केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात देण्यात आले. शाळेच्या दरात महागाईनुसार अधूनमधून वाढ होते. अंगणवाडीच्या दरातही ती आपोआप व्हायला हवी, दरवेळी घोषणेची वाट पाहायला लागू नये.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, अंडे किंवा केळे आणि नाचणी सत्त्व पुन्हा सरकारी खर्चाने द्यावे. दुसरी, कमी पटाच्या शाळांना इंधन आणि भाजीसाठी किमान ठरावीक रक्कम मिळावी, मग पट आठ असो की पंधरा. तिसरी, नाचणी आणि कुळीथ जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांकडून बचत गटांमार्फत घ्यावेत. नाचणीच्या वाणांवर काम करणारे कोकण कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे. हमखास खरेदीदार मिळाला तर वरकस जमिनीवरचे हे पीकही टिकेल. चौथी, स्वयंपाकी ताईंना बारा महिने मानधन मिळावे.

पालकांच्या हातीही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचेच बहुमत असते. आठवड्याला काय शिजले, अंडे-सत्त्व मिळाले का आणि नसेल तर का नाही, याची नोंद समितीच्या इतिवृत्तात करून घ्यावी आणि ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. वर्गणी जरूर काढावी, पण ती वाचनालयासाठी, मैदानासाठी. मुलांच्या जेवणाचा खर्च सरकारनेच करायला हवा.