नवतपा यायच्या आत पश्चिमेची खिडकी झाका

आज दुपारी चार वाजता घरातल्या पश्चिमेच्या खिडकीपाशी जा. काचेवर तळहात ठेवा. किती वेळ ठेवता येतो ते बघा. त्याच काचेपासून दोन हातांवर तुमच्या घरातलं कोणीतरी निजतं. म्हातारी आई असेल, नाहीतर सहा महिन्यांचं बाळ.

नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या माणसाला ऊन काय ते सांगायला नको. पारा 45 च्या वर गेलेला आपण सगळ्यांनी सोसलाय. पण खिडकीकडे आपलं लक्षच जात नाही. चार बाय चार फुटांच्या साध्या काचेवर मे महिन्याचं तिरपं ऊन पडलं, की दुपारी चारच्या सुमारास सातशे-आठशे वॉट उष्णता आत येते. म्हणजे 750 वॉटची इस्त्री चालू करून खोलीत ठेवल्यासारखंच. वरचा छज्जाही तिथे कामाचा नाही, कारण संध्याकाळकडचं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. ही इस्त्री फुकट चालते. तिची धग बाहेर काढायचं बिल मात्र तुम्ही भरता.

म्हणून ऊन बाहेरच अडवा. आतला पडदा पुरत नाही. काच ऊन आत सोडते, पण तापलेल्या पडद्याची, गादीची, फरशीची धग परत बाहेर जाऊ देत नाही. या रविवारीच बांबूची चीक आणा, वाळ्याची ताटी आणा, तेही जमत नसेल तर हिरवी जाळी आणा. खिडकीच्या बाहेरून लावा. खालची टोकंही घट्ट बांधा, मे महिन्यातलं वादळ ती उचलून नेतं. सोसायटीत परवानगी लागत असेल तर एकटे जाऊ नका, मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून अर्ज द्या.

खरी भीती रात्रीची आहे. दिवसभर तापलेली खोली रात्री अकरालाही निवत नाही. शरीराला सावरायला जी रात्र हवी, तीच मिळत नाही. म्हाताऱ्यांना तहान लवकर कळत नाही. बाळाला सांगता येत नाही. मग आपण एसी 18 वर नेतो. एक अंश वर ठेवला तर साधारण 6 टक्के वीज वाचते, पण खोलीच भट्टी झाली असेल तर तो अंश वाढवायचा कसा? महावितरणच्या बिलात 100, 300, 500 युनिटांच्या पायऱ्या आहेत. शेवटची युनिटं सगळ्यांत महाग, आणि वाचतात तीही तीच. खिडकीबाहेरच ऊन अडवलं, तर एसी चालणाऱ्या घरात एका खिडकीमागे महिन्याला पंधरा-वीस युनिटं वाचू शकतात. अशा खिडक्या किती आहेत, मोजा.

घर बांधताय? जुन्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवताय? मग थांबा, काच ठरवण्याआधी फॅब्रिकेटरला एकच प्रश्न विचारा: या काचेचा एसएचजीसी किती? उन्हातली किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. साध्या काचेचा 0.8 च्या आसपास असतो. चांगल्या लो-ई, म्हणजे उष्णता अडवणारा लेप असलेल्या काचेचा 0.3 पर्यंत खाली येतो, तरी उजेड राहतो. नुसत्या काळ्या काचेला भुलू नका, ती स्वतःच तापते. दोन साध्या काचा लावूनही ऊन पुरेसं अडत नाही. दुहेरी काच घ्यायचीच तर असा लेप असलेली घ्या. आणि घरात कूलरच असेल तर हा खर्च करूच नका. कूलरला खिडकी उघडी लागते. तुम्हाला सावलीच हवी, ती बाहेरून करा.

25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेल. तोपर्यंत बाजारातल्या ताट्या संपतात, बांधणारी माणसं मिळत नाहीत. आत्ताच निघा. स्वतःची खिडकी झाली की शेजारी डोकावा. तिथे आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर दोरी बांधायला तुम्ही जा. त्यांना आता स्टुलावर चढवत नाही.