जुना ट्रॅक्टर तोलण्याआधी ओळखा

नागपूरच्या गांधीबागेत थानं मोजत बसणाऱ्या माणसाने ट्रॅक्टरवर लिहावे, याचे कारागीर बंधूंना नवल वाटेल. पण या विषयात मी स्वतः खोट खाल्ली आहे, आणि आपल्या समाजातील अनेक भंगारवाले, वेल्डर व मिस्त्री रोज तीच खोट खात आहेत असे माझे मत झाले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी. सावनेरकडील एका किरकोळ दुकानदाराकडे माझी उधारी बरीच थकली होती. दोन वर्षे कपाशीने दगा दिला, तेव्हा गोठ्याशेजारी पडलेला लाल ट्रॅक्टर वसुलीत घ्या म्हणून त्याने हात जोडले. टायर फाटलेले, गादी उंदरांनी खाल्लेली, इंजिन जाम. मी भंगारवाल्याला बोलावले. त्याने दीड टनाच्या आसपास लोखंड धरले, भाव ठरला आणि दुसऱ्या दिवशी गॅसने त्याचे तुकडे झाले. हिशेब मिटला म्हणून मी खूश होतो. आठवड्याने मोमिनपुऱ्यातील एका वयस्क डिझेल मिस्त्रींच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी एवढेच विचारले, "शेठ, प्लेट वाचली होती का?" मी नाही म्हणालो. "मग किनार न पाहता थान विकता का कधी?"

हा टोला मला बरोबर बसला. कापडवाला थान हातात घेतो तेव्हा आधी किनार पाहतो, कारण मिलचे नाव तिथे छापलेले असते. आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आज ती मिल राहिली नाही, पण तिचा छाप असलेला तुकडा समोर आला की माझा हात आपोआप थांबतो. ट्रॅक्टरची किनार म्हणजे त्याच्यावरची ती धातूची लहानशी प्लेट. मी विकलेला ट्रॅक्टर बहुधा 'इंटरनॅशनल बी-२७५' होता, असे मिस्त्रींनी बाकी वर्णनावरून सांगितले. आता खात्री करण्याचा मार्ग उरला नाही.

या बी-२७५ ची जन्मकथा कापडवाल्यांनी तरी जरूर ऐकावी. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने हे मॉडेल १९५८ साली इंग्लंडमध्ये काढले, ते ब्रॅडफर्ड गावी. म्हणजे लोकरीच्या कापडासाठी साऱ्या जगात गाजलेले जे ब्रॅडफर्ड, तेच. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि ही हार्वेस्टर कंपनी यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईच्या कांदिवलीत हाच ट्रॅक्टर बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. मूळ अमेरिकन कंपनीने १९८५ च्या सुमारास शेती अवजारांचा धंदाच विकून टाकला. इकडे मात्र २७५ हा आकडा महिंद्राच्या ट्रॅक्टरवर आजही चालतो, आणि आपल्या हिंगणा एमआयडीसीतून महिंद्राचे ट्रॅक्टर बाहेर पडतात. इतका लांब वंश असलेली वस्तू आपण किलोवर विकतो.

ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नका. लाल रंग डब्यात मिळतो आणि पत्रा कोणत्याही गाडीचा कोणत्याही गाडीवर चढतो. प्लेटवर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे नाव असेल तर गाडी सहसा १९७७ पूर्वीची समजावी. त्यानंतर ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसी बुकाशी ताडून पाहावा. बुकातला पहिल्या नोंदणीचा क्रमांक एमएच-३१ ने सुरू होत असेल तर ती नोंदणी १९८९ च्या आधीची नव्हे. त्यापूर्वी महाराष्ट्रात तीन अक्षरांचे क्रमांक असत. बी-२७५ ला चार सिलिंडर, डिस्क ब्रेक आणि डिफरन्शियल लॉक आहे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. रेडिएटरच नसेल आणि इंजिन हवेवर थंड होत असेल तर तो जुना आयशर असण्याचा संभव अधिक. त्या कंपनीने १९५९ मध्ये फरिदाबादला सुरुवात केली. दोन सिलिंडरचा 'झेटर २५११' असेल तर तो एचएमटीचा, पिंजोरचा. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणजे आता कारखान्याकडून काही मिळायचे नाही. जे काही मिळेल ते मिस्त्रीच्या हातून किंवा तुमच्या भंगाराच्या ढिगातून.

भंगार व्यापाऱ्यांना माझे म्हणणे नेमके इथेच आहे. डिझेल पंप, स्टीअरिंग बॉक्स, गिअर, शाबूत हेड हे सुटे काढले तर कारागिराच्या कामाचे असतात. गॅस लावला की सगळ्याचा भाव एक. मात्र पार्ट विकताना प्रामाणिक असावे. नावात २७५ आहे म्हणून नव्या डीआय गाडीचे हेड वा नोझल जुन्याला बसेल असे गिऱ्हाइकाला सांगू नये. डीआय म्हणजे डिझेल सरळ सिलिंडरमध्ये जाते. जुन्या बी-२७५ मध्ये ते आधी हेडातल्या छोट्या कोठडीत पेटते, म्हणून त्याला हिटर प्लग लागतात. दोघांची रचनाच वेगळी.

गाडी वाचवायची ठरली तर घाई नको. जाम इंजिनाला दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे; त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रींची पद्धत अशी: नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतायचे, चार-आठ दिवस मुरू द्यायचे, मग पुढच्या पुलीला हाताने हळूहळू झोका द्यायचा. टाकीतला गंज आणि पाणी काढल्याशिवाय नवा फिल्टर लावू नये. लाइन भरली की फिल्टरचा स्क्रू ढिला करून एअर काढावी. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंतच असावे. आपली काळी माती चैत्र-वैशाखात जी धूळ उडवते ती लायनर खाऊन टाकते. रेडिएटरला बोअरचे खारे पाणी देऊ नये, नागपूरच्या उन्हात क्षार धरून ते तुंबते. पावसाळ्यात सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा, एवढे तर प्रत्येक खेड्यात ठाऊक आहे. रंग सर्वांत शेवटी, आणि प्लेटवर तर मुळीच नाही. हौशी लोक प्लेटसकट गाडी रंगवतात तेव्हा मिस्त्रींचा जीव तळमळतो.

आता सरकारविषयी एक तक्रार. केंद्राने २०२१ मध्ये ५० वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले, 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका दिली. हे चांगलेच झाले. पण हे नियम दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना आहेत. ट्रॅक्टर त्यात नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारीला मान, आणि ज्याने विदर्भाची काळी जमीन फोडली त्याला नाही, हा कुठला न्याय? इंग्लंडात जुने ट्रॅक्टर घेऊन नांगरणीच्या स्पर्धा भरतात, लोक बायकामुलांसह पाहायला जातात. आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरचा मालक १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवत बसतो, आणि एक दिवस कंटाळून भंगारवाल्याला हाक मारतो. खासदार-आमदारांना निवेदने देणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळांनी ट्रॅक्टरचा हा मुद्दाही त्यात घालावा.

मिस्त्रींचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, चांगले कमावतो, त्याला दोष नाही. पण बी-२७५ चा आवाज ऐकून कोणता नोझल मार खातो हे सांगणारा कान त्यांच्याबरोबरच जाणार, याची मला रुखरुख लागली. गेल्या हिवाळ्यात काटोल रस्त्यावर मला तशीच एक लाल गाडी दिसली. या वेळी मी आधी प्लेट वाचली, मग भाव विचारला. ती आता मिस्त्रींच्या आवारात उभी आहे. चारपैकी तीन पिस्टन सुटले आहेत, चौथ्याला अजून ऑइल मुरते आहे. दोन होतकरू पोरे रोज संध्याकाळी तिथे येऊन बसतात, आणि त्यांच्या हातखर्चाचे पैसे मी माझ्या खात्यावर लिहिले आहेत.