शिलेदार कसले!

आमच्या अंगणात यंदाही किल्ला झाला. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, पायथ्याला अळिवाचं हिरवंगार शेत. आणि या सगळ्यावर पुतण्याने दोऱ्याला एक विमान टांगलेलं. “महाराजांच्या डोक्यावर हे कशाला रे?” असं विचारलं, तर म्हणाला, “काका, ते दुसऱ्या विमानांशी लढणार आहे.”

पोराला काय बोलायचं? पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवर मी जे लेख वाचत आलो, त्यांतही हेच. तांबड्या विमानातला रिश्टहोफेन, त्याने पाडलेली ८० विमानं, ढगांतली द्वंद्वं, पडलेल्या शत्रूला मानवंदना. लेखकमंडळी या वीरांना ‘आकाशातले शिलेदार’ म्हणतात. या शब्दावर माझा राग आहे. शिलेदार घोडा स्वतःचा आणीत असे, ही गोष्ट सोडा. पण विमानाने जे खरं काम केलं त्यावर हा शब्द पांघरूण घालतो.

१ नोव्हेंबर १९११ रोजी लिबियात ज्युलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटाने विमानातून हातबॉम्ब फेकले, तेव्हा त्याच्यासमोर शत्रूचं विमान नव्हतं. खाली छावणी होती. आकाशात विमानाने विमान पाडलं ते त्यानंतर, १९१४ साली. म्हणजे खालच्या माणसावर मारा करणं हा धंदा आधीचा, द्वंद्व मागाहूनचं!

१९१७ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत इंग्रजांनी आपली कॅमल विमानं अगदी खालून, खंदकांवर गोळ्या झाडीत नेली. अशा कामगिरीवरच्या विमानांपैकी दिवसाला सुमारे ३० टक्के कामातून जात. उत्तम उडवणाराही खंदकातल्या एखाद्या नवशिक्याच्या गोळीने मरे. मग चिलखत आलं. जर्मनांच्या युंकर्स जे-१ मध्ये वैमानिक आणि त्याचा जोडीदार ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी हौदात बसत. विमान इतकं जड की त्यांचेच लोक त्याला सामान वाहणारी गाडी म्हणत. इंग्रजांनीही ‘सॅलमँडर’ नावाचं चिलखती विमान केलं, पण ते आघाडीवर लढायच्या आत युद्ध संपलं.

इथवर माझी फारशी तक्रार नाही. खालचा मारत होता, वरचाही मारत होता. पण २१ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाईनमध्ये तुर्कांचं सातवं सैन्य नाब्लुसहून माघार घेत वादी फाराच्या अरुंद घळीत शिरलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी तिथे दिवसभर पाळीपाळीने ९ टनांवर बॉम्ब आणि ५६ हजार गोळ्या टाकल्या. आधी वाट अडवली, मग अडकलेली माणसं आणि जनावरं. प्रतिकार जवळजवळ नाहीच. यात शिलेदारी कुठे दिसते, मला दाखवा.

आणि हे हत्यार आपल्याकडे यायला सात महिनेसुद्धा लागले नाहीत. १४ एप्रिल १९१९, जालियनवाला बागेचा दुसरा दिवस. पंजाबात गुजराँवाला इथे जमावाने जाळपोळ केली होती, हे मी लपवीत नाही. पण त्यावर सरकारने लाहोरहून विमानं धाडली. कॅप्टन कार्बेरीने गावाबाहेरच्या घोळक्यावर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली, घरांकडे पळणाऱ्यांवरही. एक बॉम्ब खालसा हायस्कुलाच्या वसतिगृहापाशी पडला. हे सगळं त्याने हंटर कमिटीपुढे स्वतः सांगितलं. काँग्रेसने जी वेगळी चौकशी केली, तिच्या समितीत गांधीजींबरोबर आपले मुकुंदराव जयकरही होते. तेव्हा मराठी माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

‘शिलेदारां’वर लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: रिश्टहोफेनला दहा पानं द्या, पण अर्धं पान त्या वसतिगृहाला द्या.

पुतण्याला हे सांगितलं. त्याने थोडा वेळ विमानाकडे पाहिलं आणि विचारलं, “मग खालचे काय करायचे, काका?”

“पळायचे,” मी म्हटलं. त्याने मावळ्यांकडे पाहिलं, आणि दोरा सोडायला पाट आणायला घरात गेला.