फार्मसीतील औषधचुका टाळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
हेल्थ न्यूझीलंड – ते व्हातू ओरा

प्रत माहितीसाठी : फार्मसी कौन्सिल ऑफ न्यूझीलंड

विषय : फार्मसीतून चुकीचे औषध वा चुकीची मात्रा दिली जाऊ नये म्हणून फार्मसींशी होणाऱ्या आपल्या करारात तरतूद करणेबाबत

महोदय/महोदया,

आम्ही ईस्ट टामाकी, फ्लॅट बुश व बॉटनी परिसरातील मराठी कुटुंबे आहोत.

जुलै 2025 मध्ये मानावातूतील दोन महिन्यांचे बाळ, फार्मसीने फॉस्फेट प्रौढांच्या मात्रेत दिल्यानंतर, दगावले. आईवडिलांनी लेबलवर छापले होते तेच पाजले. म्हणून आमची पहिली मागणी : अर्भकांची औषधे, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन आणि इन्सुलिन यांची मात्रा दुसऱ्या व्यक्तीने मूळ प्रिस्क्रिप्शनवरून नव्याने काढावी. पहिल्याच्या आकड्यावर नजर टाकून सही करणे म्हणजे तपासणी नव्हे. एकट्या फार्मासिस्टवर चालणाऱ्या फार्मसीची अडचण आम्हाला कळते; तिथे दूरध्वनीवरून पडताळणीची सोय आणि तिचा खर्च आपण द्यावा, दुकानाच्या माथी मारू नये.

बाळाचे वजन प्रिस्क्रिप्शनवर नसेल, तर औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारणे सक्तीचे असावे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते. लेबलवर वार अक्षरांत छापावा.

दुसरी मागणी काउंटरवरची. मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा भारतातून क्रोसिन, डोलो घेऊन येतात. इथे त्यांना पॅरासिटामॉलचा डबा मिळतो. दोन्ही एकच, हे कोणी सांगत नाही, आणि आजोबा सकाळी दोन्ही घेतात. ‘घरी आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या औषधाबरोबर विचारला जावा, आणि मात्रा रुग्णाच्या तोंडून परत वदवून घ्यावी. मान हलवली म्हणजे समजले, असे धरू नये. आमची वडीलधारी मंडळी संकोचानेही मान हलवतात. 1996 च्या रुग्णहक्क संहितेतील पाचवा हक्क समजेल अशा भाषेत माहिती, आणि गरज व शक्यता असेल तेव्हा दुभाषी देतो. दुभाष्याची दूरध्वनी सेवा प्रत्येक फार्मसीत उपलब्ध असावी. दहा वर्षांच्या नातवाला दुभाषी करणे थांबावे.

1 फेब्रुवारी 2026 पासून प्रिस्क्रिप्शन बारा महिन्यांपर्यंतचे देता येते. सोय मोठी आहे, पण पहिल्या खेपेला झालेली चूक वर्षभर चालू राहू शकते. त्यामुळे प्रत्येक खेपेला औषध मूळ प्रिस्क्रिप्शनशी ताडून पाहावे, मागच्या लेबलशी नव्हे.

चूक झालीच, तर ती रुग्णाला त्याच दिवशी सांगावी आणि तिची नोंद आपल्याकडे यावी.

या मागण्यांवर काय कार्यवाही करणार, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
ईस्ट टामाकी व परिसरातील मराठी कुटुंबे