श्रेणी मालकाची, नाव मुलखाचे

वाईनच्या बाटलीवरील लेबल वाचताना ग्राहकाची एक गल्लत हमखास होते. मुलखाचे नाव आणि गुणवत्तेची श्रेणी या दोन गोष्टी तो एकच मानतो. मुळात त्या भिन्न आहेत, हे फ्रान्समधील बोर्दोच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

१८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या उत्तम वाईनची यादी मागविली. तेथील दलालांनी ती तयार केली बाजारभावावरून. लाल वाईनच्या निवडक उत्पादकांच्या पाच श्रेणी ठरल्या. त्यानंतर पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकालाच, १९७३ मध्ये मूतों रॉथशिल्डला. दरम्यान मालक बदलले, जमिनींची खरेदी-विक्री झाली. श्रेणी मात्र नावाला चिकटून राहिली.

यावर उपाय म्हणून शेजारच्या सेंत-एमिलिओंने १९५५ पासून श्रेणींच्या फेरविचाराची पद्धत स्वीकारली. परिणाम उलटाच झाला. २००६ ची यादी डावलल्या गेलेल्या उत्पादकांनी न्यायालयात नेली आणि ती रद्द ठरली. २०२१ मध्ये ओझोन आणि शव्हाल ब्लां या अग्रमानांकितांनीच स्पर्धेतून अंग काढून घेतले. प्रसिद्धीला अवाजवी महत्त्व मिळते, हा त्यांचा आक्षेप होता. थोडक्यात, श्रेणी गोठविली तर अन्याय आणि बदलली तर खटले.

फ्रान्सने १९३५ मध्ये कायद्याने आणलेली उगमस्थानाची व्यवस्था निराळी आहे. बनावट मालाला आळा घालण्यासाठी तिने मुलखाच्या सीमा, द्राक्षांचे वाण, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा आणि किमान मद्यांश ठरवून दिला. वाईन कोठे व कशी तयार झाली, एवढीच हमी ती मुख्यत्वे देते. ती सर्वोत्तम असल्याचा दावा करीत नाही. म्हणूनच ती टिकली आणि युरोपभर अनुकरणीय ठरली.

महाराष्ट्राला हा भेद जवळचा आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भारतीय कायद्यानुसार असे मानांकन विकता किंवा गहाण टाकता येत नाही. ते त्या मुलखातील उत्पादकांचे सामाईक धन असते. बोर्दोतील श्रेणी मळ्याच्या नावासोबत नव्या मालकाकडे जाते. मुलखाचे नाव कोणा एकाचे होत नाही. नाशिकमध्ये उद्या श्रेणींचा आग्रह धरला जाईलही. परंतु त्याआधी बाटलीतील द्राक्ष खरोखरच त्या मातीतले आहे, याची काटेकोर तपासणी व्हायला हवी. नावाचा भरवसा गेला, तर वरच्या श्रेणीलाही किंमत उरणार नाही.